उचलून ओढायचा ड्रॉवर

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला एक ड्रॉवर आहे. तो नुसता ओढून उघडत नाही. आधी जरा वर उचलायचा आणि मग ओढायचा. पाहुणे आले की कुणीतरी हमखास चमचा शोधायला जातं, त्याच्याशी झटापट करतं आणि शेवटी "अगं, हा अडकलाय गं!" म्हणून मला हाक मारतं. अडकलेला नाही तो. त्याला वळणच तसं लावलंय. खडकाळ चढावर गाडी तिरकी झाली तरी त्यानं आपलं तोंड मिटून ठेवावं म्हणून तो तसा केलेला आहे. केला माझ्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी.

आतोबा लोखंडी कपाटं करायचे. कॉलेजची वर्षं मी आत्याकडे राहून काढली, तेव्हा खाली त्यांचं दुकान होतं आणि वर घर. पत्रा कापल्याच्या आवाजानं मला जाग यायची. रंगाचा वास तर गच्चीत वाळत घातलेल्या माझ्या ओढण्यांनाही यायचा. माणूस उंच, किडकिडीत. आयुष्यभर लहान दारांतून ये-जा केल्यामुळे मोठ्या दारातूनसुद्धा मान वाकवूनच जायचे. सदऱ्याच्या खिशात कायम खडू. खिसा उलटा करून पाहिल्याशिवाय त्यांचा सदरा धुवायला टाकायचा नाही, हा आत्याचा कायदा होता.

त्या खडूची एक गंमत होती. गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेले की टेप बाहेर काढण्याआधी ते विचारायचे, "कपाट कोण उघडणार?" मग जी कोणी असेल त्या बाईला भिंतीशी उभं करायचं. "हात वर करा. ताणू नका, सहज जाईल तेवढाच." आणि बोटांच्या टोकाशी खडूची रेघ. एकदा एक गृहस्थ वैतागले. "अहो, माप भिंतीचं घ्या ना, माणसाचं कशाला घेताय?" आतोबा शांतपणे म्हणाले, "भिंत काही कपाट उघडत नाही."

मी तिथे असतानाच, वय झालं म्हणून त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. आणि एके दिवशी जेवताजेवता ताटात बघत म्हणाले, "आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. एकदा भिंतच नाही अशी जागा बघायची आहे."

"गच्चीवर जा," आत्या म्हणाली.

पण भुंगा डोक्यात शिरला होता. डोंगरांपलीकडे एक प्रचंड कोरडं तळं आहे, मिठानं पांढरं पडलेलं, असं कुणा ट्रकवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. तिथे म्हणे उभं असं काही नाहीच, आपण सोडून. रस्ता नाही, वस्ती नाही, पाणी नाही. वाळू, दगड आणि मग ते तळं. जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी हवी आणि मुक्कामाचं सगळं आपलं आपण न्यायला हवं. थोड्याच दिवसांत आतोबांनी एक जुनी जीप दारात आणून उभी केली. मागच्या सीटा काढून टाकलेली, आत नुसती मोकळी.

"एकटेच जाणार?" मी विचारलं.

"छे! ही येणार. एकट्यानं जाऊन काय भिंतीशी बोलू? तिथे तर भिंतही नाही."

आत्या ताट उचलता उचलता "बघू" म्हणाली. आत्याचं "बघू" म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबांना तेवढं नव्हतं.

आता कपाटवाल्याच्या हातात गाडी पडल्यावर काय होणार? त्यांनी तिचं कपाट केलं. कपाटाचाच जाड पत्रा, तसलेच कोपरे, तसल्याच कड्या. खाली दोन लांब ड्रॉवर, त्यावर झोपायचा पलंग, बाजूला उभे खण. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं. तिथला मिस्त्री मोठ्या आवाजाचा, तोंडाचा फटकळ. पण आतोबांवर जीव होता त्याचा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"काका, ही गाडी आहे का तिजोरी?"

"मजबूत आहे."

"मजबूत आहेच हो! पण मागचे स्प्रिंगचे पाटे बघा, वजनानं पार बसलेत. नाक वर करून उभी आहे बघा, लग्नात रुसलेल्या आत्याबाईसारखी. पुढची चाकं जमिनीला नीट टेकली तर वळेल ना ती?"

आतोबांना ते पटलं नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर खाणीचा जुना रस्ता होता, तिथे गाडी चालवून बघायचं ठरलं. सोबत मी गेले, कारण आत्याला "कामं" होती. चढ लागला आणि मागे एकदम भांडण जुंपावं तसा आवाज झाला. सगळे ड्रॉवर एकामागून एक धाडकन उघडले. ताटल्या, चहाची पूड, साखर, नटबोल्टचे पाने, हातोडी, सगळं एकत्र नांदायला लागलं. आतोबांनी ब्रेक दाबला. मागे वळून न बघता म्हणाले, "माझ्या कपाटांना आजवर कुणी डोंगर चढायला लावला नव्हता." मग आम्ही दोघं इतके हसलो की गाडी पुन्हा सुरू करायलाही वेळ लागला. परतल्यावर त्या साखरेत पाने किती आणि पान्यांना साखर किती, हे निवडत मी संध्याकाळ घालवली.

त्यांनी सगळं उपसून काढलं आणि नव्यानं मांडलं. पत्र्याच्या जागी प्लायवूड आलं. ड्रॉवरच्या खाली खाच आली. उचलल्याशिवाय सुटणार नाही, अशी. मिस्त्री सांगेल ते आता मुकाट्यानं ऐकायचे. जड ते खाली आणि जमेल तितकं पुढे, म्हणून पाण्याची टाकी पुढच्या सीटांच्या पाठीशी, पार तळाला गेली. छपरावर फक्त हलकं: ताडपत्री आणि घडीच्या खुर्च्या. दिव्याला वेगळी बॅटरी, म्हणजे रात्रभर दिवा जळला तरी सकाळी गाडी सुरू होईल. वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते, म्हणून ती पुन्हा भरायला पंप. फावडं, दोर, जॅक वाळूत रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायची जाड फळी. रोज रात्रीच्या जेवणाला एखादी नवी बातमी असायची.

"आज बाजूची ताडपत्री बसवली. सावलीत बसता येईल तुला."

"हं."

"आंघोळीला आडोसा केलाय. कापडी. उभ्यानं मावतेस आरामात."

"हं."

"गादी कापसाची घेऊ का फोमची?"

"तुम्हाला आवडेल ती."

आत्याला उघड्यावर झोपायची भीती वाटत असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. म्हणून तिच्यासाठी एकेक सोय वाढत चालली होती. आत्या मात्र खाली उतरून गाडी बघायलाच तयार नव्हती. कपडे वाळत घालताना वरूनच एखादी नजर टाकायची. कपड्याला चिमटा लावायची आणि आत जायची. एकदा मी तिला विचारलं, "तुला जायचं नाहीये का गं?" ती म्हणाली, "मला आजवर कुठे न्यायचं कुणाच्या मनात आलं होतं?" मग माझ्या हातात बादली देऊन म्हणाली, "हे वाळत घाल." तिला जायचं होतं हे मला तेव्हा कळलं. अडलंय कुठे ते कळेना.

गाडी तयार झाली तेव्हा आतोबांनी ती धुऊन पुसून दारात आडवी लावली आणि आत्याला खाली बोलावलं. मिस्त्रीही हात पुसत आला. आतोबांनी मागचा दरवाजा सोडला. तो खाली आला आणि त्याची रुंद फळी झाली. एखादी बंद मूठ उलगडावी तसं त्यातून एक आख्खं स्वयंपाकघर बाहेर आलं. मधोमध शेगडी. उजव्या हाताला तो उचलून ओढायचा ड्रॉवर, त्यात चमचे, सुरी, किसणी, प्रत्येकाला आपापला गाळा. वर डब्यांची रांग, डब्यांना रबरी पट्टे. उलथण्याला खुंटी. चहाच्या गाळणीलासुद्धा वेगळी खुंटी. मी तर बघतच राहिले.

"हात लाव ना," आतोबा म्हणाले. "ताणायला नको. सगळं तुझ्या मापाचं आहे."

आत्यानं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. तिचा तो खांदा बरीच वर्षं धरलेला होता. घरी ती वरचे डबे डाव्या हातानं काढायची. साऱ्या गावाच्या बायकांची मापं घेणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

"कुठलं माप हे?"

"तुझंच की. दुकानाच्या दाराआड आहे ना."

ते माप मीही पाहिलं होतं. लग्नानंतर पहिलं कपाट केलं ते आत्यासाठी. तेव्हा तिला दाराआड उभी करून ओढलेली ती रेघ. दुकानाला रंग दिला की आतोबा तीच रेघ त्याच जागी पुन्हा ओढायचे.

"ती नव्या नवरीची रेघ आहे हो," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बरं, मला सांगा, गिऱ्हाइकाकडे गेल्यावर तुम्ही आधी काय विचारता?"

"कपाट कोण उघडणार."

"मग मला विचारलंत?"

मिस्त्रीनं चाकाची हवा तपासायला घेतली. ती सकाळीच भरलेली होती.

आत्या फळीपाशी उभी राहिली, शेगडीकडे तोंड करून. "ही मी इथे अशी उभी राहणार. समोर काय? गाडीचं पोट. तुमचं ते तळं कुठे? माझ्या पाठीमागे. तुम्ही खुर्चीत बसून मला सांगणार, अगं काय सुंदर दिसतंय." ती वळली. "मी यायला नाही म्हणत नाही. इतकी वर्षं वाट बघितली, नाही कशाला म्हणू? पण माझा ओटा उचलून बरोबर घेणार असाल तर मी इथेच बरी. इथे निदान खिडकी आहे."

आणि ती वर निघून गेली. आतोबा तिथेच उभे. त्या डब्यांच्या रांगेकडे बघत म्हणाले, "इतकं करून तिला भिंतच करून दिली की मी." जेवायला बसले तेव्हा त्यांनी बातमी दिली नाही. घास मात्र नेहमीपेक्षा सावकाश चावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याचा आवाज नव्हता. मला जाग आली ती आत्याच्या आवाजानं. खिडकीतून बघते तर आतोबा गाडीच्या मागे ताठ उभे आणि आत्याच्या हातात खडू.

"मान वर करा. इथे दार नाहीये."

"बरं."

"हात वर. ताणू नका हो! सहज."

"सहजच आहे."

"एवढा सहज जातो तर घरात कधी पाण्याचा तांब्या का नाही घेतलात?" असं म्हणत तिनं गाडीच्या खांबावर डाव्या हातानं, चवड्यांवर उभी राहून, रेघ ओढली. तिच्या जुन्या रेघेपेक्षा ती चांगलीच वर होती.

मिस्त्री पाना घेऊन आला आणि ओरडला, "आता काय? परत खोलायचं?"

"खोल," आतोबा म्हणाले. "गिऱ्हाईक बदललं."

फळी वर गेली, शेगडी वर गेली, खुंट्या वर गेल्या. खुर्च्या मात्र खाली आल्या, आत्याच्या हाताला लागतील अशा दाराच्या आतल्या बाजूला. मग शिकवणी सुरू झाली. दारात उभ्या गाडीच्या फळीवर आतोबा चहा करायचे आणि आत्या घडीच्या खुर्चीत बसून रस्ता बघायची. बटाटे चिरताना ते प्रत्येक फोड मोजपट्टीनं कापल्यासारखी करायचे. "बटाटा आहे तो, पत्रा नाही," आत्या म्हणायची, मागे न वळता. येणारेजाणारे थांबून बघायचे. कुणीतरी म्हणालंच, "काय काका, हॉटेल काढलं का?" आतोबा म्हणाले, "हो. एकच गिऱ्हाईक आहे, पण फार कडक."

आणि ते गेले. पहाटेच्या गारव्यात आत्या पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, जशी बाजारात निघाली असावी. परतले तेव्हा गाडी चाकांपासून छपरापर्यंत पांढरी होती आणि आतोबांच्या नाकाची साल निघाली होती. तळ्याबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. सांगितलं आत्यानं. भिंत नसलेली जागा बघायला निघालेला हा माणूस, तिथे पोचल्यावर कितीतरी वेळ गाडीला पाठ टेकून उभा होता. सवयच नव्हती ना! शेवटी तिनंच आपली खुर्ची उचलली, चांगली लांब नेऊन मांडली आणि हाक मारली. तेव्हा कुठे त्यांनी पाठ सोडवली.

मग पुढे ते जातच राहिले, गुडघे आणि डोळे साथ देत होते तोवर. माझं लग्न झालं, बिऱ्हाडं बदलली. आतोबा गेल्यावर आत्यानं जीप मिस्त्रीला दिली आणि त्याआधी तो ड्रॉवर काढवून घेऊन माझ्याकडे पाठवला. बसवायला आलेल्या सुतारानं विचारलं, "बाई, किती उंचीवर?" मी जरा विचार केला आणि आतल्या खोलीत हाक मारली, "अहो, जरा इकडे या. हात वर करा बघू." आमच्याकडे सकाळचा चहा तेव्हापासून ह्यांच्याकडे आहे.

आत्या शेवटी शेवटी माझ्याकडे राहायला आली होती. तो ड्रॉवर उघडल्याचा टक् असा आवाज झाला की ऐकत राहायची. एकदा मी तिला विचारलं, "त्या तळ्यावरचं सगळ्यात काय आठवतं गं?" मला वाटलं, चांदण्या म्हणेल, शांतता म्हणेल.

"पहिली संध्याकाळ," ती म्हणाली. "समोर सगळं लांबच लांब पांढरं. आणि मागून ह्यांचं चाललेलं, अगं मीठ कुठे आहे? साखर कुठे आहे? गाळणी सापडत नाही. मी म्हटलं, खण तुम्ही केलेत, मला काय ठाऊक?"

"मग?"

"मग भांडं पडलं. दूध उतू गेल्याचा वास आला."

"आणि चहा कसा झाला होता?"

"पाणचट," आत्या म्हणाली. "पण मी उठले नाही."