मखमलीचा पहिला नंबर

एकोणीसशे पन्नास ते साठ या दहा वर्षांत आमच्या बेंगळुरातल्या चिकपेटेत लग्नाला वाजवणारे पाच बँड होते आणि त्यांचे नंबर मी लावले होते. पहिला निळा, दुसरा लाल, तिसरा पांढऱ्या फेट्यांचा, चौथा हिरवा, पाचवा खाकी. आजही त्या वेळचं कुणी भेटलं की ही यादी ह्याच क्रमाने म्हणून दाखवतं आणि वर म्हणतं, "काय कान होता हो तुमचा!" मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

कानाचं आधी सांगून टाकतो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." पुढची सात वर्षं मी नुसते ओठ हलवले. सनई आणि क्लॅरिनेट यांत कोण काळं आणि कोण तपकिरी, एवढाच फरक मला कळतो.

मॅट्रिक झाल्यावर मी मामांच्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसलो. साड्यांची खरेदी झाली की गिऱ्हाइकांची बाकीची चौकशी तिथेच सुरू व्हायची. आचारी कोण, मांडववाला कोण, बँड कुठला. एकदा एका मुलीच्या बापाने विचारलं, मामा आत होते, आणि मी बोलून गेलो, "निळ्यांना सांगा. त्यांच्या जवळपास कुणी नाही."

यात मी खोटं बोललो नव्हतो. निळ्यांचे डगले अस्सल मखमलीचे होते. खांद्यावर जरीचे झुपके, पितळी बटणांच्या दोन रांगा, आणि काखेतसुद्धा रंग उतरलेला नाही. वरात आमच्या दुकानावरून जायची तेव्हा मी पायरीवर उतरून गर्दीत शिरायचो आणि ढोलवाल्याची बाही चिमटीत धरून पाहायचो. लालांची मखमल सुती पाठीची. फेटेवाल्यांचं कापड बरं, पण शिवण हलकी. हिरवे पहिल्या पावसात पोपटी झाले होते. आणि खाकीवाल्यांनी छावणीतल्या लिलावातून लष्करातले जुने कोट आणले होते, कोपरांना ठिगळं लावून.

गिऱ्हाइकं कारण विचारायची. मला एकच भाषा येत होती, ती मी वापरली. "निळ्यांचं वाजवणं दाट आहे. पोत बघा. लालांचं वरून चमकतं, पण मागे विरळ." लोक डोळे मिटून माना डोलवायचे. दोन वर्षांत नव्याने वसणाऱ्या जयनगरातूनही माणसं येऊ लागली. साडी दुसरीकडे घेतलेली, पण बँडचा नंबर विचारायला आमच्याकडे. मामा खूश. मी तर काय, कुणी विचारायच्या आत पाचही नंबर म्हणून दाखवायचो.

मग एका दुपारी खाकी बँडचे मास्तर आले. धारवाडकडचे, साठीला टेकलेले, हातात छत्री. गादीवर बसा म्हटलं तरी पायरीवरच बसले.

"अण्णा," ते मला म्हणाले. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. "तुमच्याकडं एक विचारायला आलोय. राग नाही. यंदाच्या मुहूर्तात आम्हाला दोनच लग्नं मिळाली. मला धरून नऊ माणसं आहोत. लोक म्हणतात, चिकपेटेतल्या अण्णांनी पाचवा नंबर दिलाय. दिला तर दिला. पण आमचं चुकतंय कुठं तेवढं सांगा की. मी बसवून घेतो."

मी पुढ्यातली साडी उगाच सारखी केली. "तसं विशेष काही नाही मास्तर. स्वल्प..."

"क्लॅरिनेट कमी पडतंय? ते मीच वाजवतो. सांगा बिनधास्त."

"छे छे. क्लॅरिनेट उत्तम."

"ढोल?"

"ढोल ठीक आहे."

"मग मोठा कर्णा?"

आतून मामांनी हाक मारली, "अरे, इरकल काढ ते, बायका खोळंबल्यात!" मला उठायचं होतं, सुटायचं होतं. मी मान हलवली. होय म्हणून.

मास्तरांनी छत्रीचं टोक पायरीवर टेकवलं. "मला वाटतच होतं कुठंतरी," ते म्हणाले. "घरचा माणूस म्हणून कानाडोळा केला. सरी, ठीक आहे. उपकार झाले."

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, या वेळी आठ माणसं घेऊन. दुकानासमोर रांगेत उभं करून त्यांनी वाजवून दाखवलं. पलीकडचे दुकानदार बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी डोळे मिटले. मला बँड ऐकू आला. त्यापलीकडे काय ऐकायचं असतं ते मला आजही माहीत नाही. थांबल्यावर मी म्हणालो, "फारच सुधारलं."

"कर्णा बदलला," मास्तर म्हणाले. "आधीचा माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षं वाजवत होता. त्याला बंद केला. आता हुबळीला गेलाय, गिरणीत बघतो म्हणाला."

त्या दिवशी माझ्या हातून दोन साड्या चुकीच्या घडीवर मोडल्या.

मी नुकसान भरून काढायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून विचारेल त्याला सांगू लागलो, पहिला नंबर खाकी. लोक हसायचे. एक बाई म्हणाल्या, "चेष्टा करू नका हो, मुलीचं लग्न आहे." दुसऱ्याने डोळा मारून विचारलं, "मास्तर सोयरे लागतात वाटतं?" मी जीव तोडून सांगायचो, आणि गिऱ्हाईक पायरी उतरून थेट निळ्यांकडे जायचं. शेवटी मामांनी खडसावलं. "तूच लावलेला नंबर तूच फिरवतोस? उद्या आपल्या जरीवर कोण विश्वास ठेवील?"

यादी माझी राहिलीच नव्हती. मी नसतो तरी ती चालली असती.

मग एकच उरलं होतं. एका रविवारी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. अंगणात ते क्लॅरिनेट पुसत बसले होते. बाजूच्या दोरीवर नऊ खाकी कोट वाळत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "मास्तर, मला सुरातलं काही कळत नाही. मी कोट बघून नंबर लावले. तुमचा कर्णा कसा होता ते मला माहीत नाही."

वाटलं होतं ओरडतील. छत्री उगारली असती तर बरंच वाटलं असतं. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोट?" ते म्हणाले.

"होय."

"मग आता भावाला काय कळवू?"

त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. तो मी प्यालो. एवढं सांगून झाल्यावरही मी चहा प्यालो, ह्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी आमच्यातलीच, चार पिढ्या बेंगळुरातली. मी भीत भीत म्हटलं, बँड खाकीवाल्यांचा सांगू. सासरे मोठ्याने हसले. "जावईबापू परीक्षा घेतात आमची! अहो, तुमची यादी आम्हाला पाठ आहे." निळे ठरले. माझी अक्का म्हणाली, "गप्प बस आता. तुझ्या लग्नात तुलाच पाचवा नंबर लावून घ्यायचाय का?" खाकीवाल्यांचा बँड मोडला, हे मला त्यानंतर कळलं.

लग्नाच्या संध्याकाळी वरात निघाली. मी उघड्या मोटारीत, बाशिंग बांधून, पुढे निळी मखमल दोन रांगांत. पहिल्या वळणावर रांग तिरपी झाली आणि दुसऱ्या रांगेत कडेला मला मास्तर दिसले. क्लॅरिनेट ओठाला, निळा डगला अंगात. त्यांनी मला पाहिलं. वाजवताना माणसाला बोलता येत नाही, आणि बाशिंग बांधलेल्याला उतरता येत नाही.

मी डोळे मिटून कान लावला. इतक्या सगळ्यांत त्यांचं क्लॅरिनेट कुठलं, तेवढं तरी ओळखावं म्हणून. पहिल्यांदाच मनापासून ऐकत होतो. शेजारून सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "काय, आहे की नाही दाट?"

मला काही ओळखता आलं नाही. डोळे उघडले तेव्हा जे कळतं तेच दिसलं. डगला दुसऱ्याच्या मापाचा होता. बाही दोन बोटं लांब, आणि दर चार पावलांनी ते ती मनगटावरून मागे सारत होते.