सागवानी विमान

पोळ्याची सकाळ, साल एक्याण्णव, उटनूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेचं मैदान. हजर: माझी थोरली बहीण, मी, चार वर्षांनी दुबईहून रजेवर आलेला भाऊजींचा धाकटा भाऊ आणि अर्धं गाव. गैरहजर: भाऊजी आणि विमान. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळे विमान बंडीतून आणता येईना. शेवटी भाऊजी आणि त्यांचा शेजारी ते खाटेवर घालून घेऊन आले, आजाऱ्याला दवाखान्यात नेतात तसं.

माझ्या बहिणीच्या या यजमानांइतका टिकाऊ काम करणारा सुतार आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि इतका गैरसोयीचाही. सागवान सोडून बाकी सगळं त्यांच्या लेखी सरपण. त्यांनी केलेली वस्तू तीन पिढ्या मोडत नाही, कारण तीन पिढ्यांत ती कुणाला उचलत नाही. बहिणीच्या घरी पाहुण्याला पाट देत नाहीत, पाहुण्यालाच पाटाकडे नेतात. त्यांनी एका घरी पाळणा करून दिला. तो हलवायला बाळाची आई आणि आजी दोघी लागत, आणि त्यांची तयारी होईतो बाळ कंटाळून झोपी जाई. मला लग्नात दिलेल्या पोळपाटावर मी एकही पोळी लाटलेली नाही. तो दुधाच्या पातेल्यावर ठेवते. मांजरानं आमच्या घराचा नाद सोडला आहे.

अशा माणसाला भावानं दुबईहून खोकं धाडलं: रेडिओवर चालणाऱ्या विमानाचं इंजिन, हातात धरायचा रिमोट आणि एक नकाशा. लाकूडकाम दादानं करायचं. लहानपणी आभाळात घरघर ऐकू आली की हे दोघे हातातलं काम टाकून पळत सुटायचे म्हणे. मी शाळेत शिकवते. याद्या केल्याशिवाय मला काही सुचत नाही. लगेच केली. पहिलाच नग: निर्मलची खेळणी करतात ते हलकं पोनिकीचं लाकूड. तुकडा आणूनही दिला. भाऊजींनी तो तळहातावर ठेवून फुंकर मारली.

"हे लाकूड हाय का पापड, मास्तरीणबाई?"

मग सागवानाचे पंख झाले, खुंट्या ठोकून सांधे झाले, वर वॉर्निशचे दोन हात. भाऊजी तेलुगू शाळेत शिकलेले, धाकटा मराठी शाळेत, म्हणून दुबईला जाणारी पत्रं मी लिहायची. पहिल्याच पत्रात त्यांनी विमान पळसावरून गेल्याचं सांगितलं. पुढच्यात त्यानं दोन घिरट्या घेतल्या. मी हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. भावाचं उत्तर आलं: पोळ्याला येतो, आधी विमान उडताना पाहायचं. मी म्हटलं, अजून वेळ आहे, पंख बदला. भाऊजींनी वॉर्निशचा तिसरा हात दिला.

मैदानावर भावानं रिमोट हातात घेतला. इंजिन किंचाळलं आणि विमान जमीन न सोडता नाकासमोर निघालं. काटेरी कुंपण तोडून, कपाशीच्या तीन ओळी आडव्या करून थांबलं. कुणीतरी विचारलं, याले वखर जोडता येते का? सगळे हसले. भाऊजी धावत गेले आणि पंखांवरून हात फिरवू लागले. एक ओरखडा नव्हता.

भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, पत्रात त हे पळसावरून गेलं व्हतं."

मी यादी तपासू लागले. भाऊजी शर्टाच्या टोकानं चिखल पुसत राहिले.

"वर गेलं त पडनार, अन् पडलं त तुटनार. तू धाडलेली वस्तू मी तुटू देऊ काय?"

परत जाताना खाटेचं एक टोक भावानं धरलं.

रजा संपायच्या आत दोघे निर्मलला गेले आणि पोनिकी घेऊन आले. पुढच्या रजेत दोघांनी मिळून पंख करायचे ठरलं. पुढची रजा कंपनीनं लांबवली, मग त्यानंच लांबवली, मग पत्रांच्या जागी फोन आले आणि माझं लिहिण्याचं काम सुटलं. लाकूड माळ्यावर आहे. दर पोळ्याला भाऊजी ते उतरवतात, झटकतात, तळहातावर तोलतात आणि फुंकर न मारता परत ठेवतात.

दर जानेवारीत मी जुनी यादी नव्या डायरीत उतरवते. पहिला नग अजून तोच आहे: पोनिकीचे पंख. त्याच्यापुढे खूण नाही.