शेवंताआत्या आन् अगुदर आलेला बुद्ध

तामलवाडीच्या विहारात कुणी हात जोडून डोळं मिटलं, की शेवंताआत्या झाडू थांबवून इचारायच्या, "काय मागितलंस?" माणूस लाजायचा. मग म्हणायच्या, "त्यांच्याकडं द्यायला काय न्हाय बाबा. राजवाडा व्हता, त्योबी सोडून आले."

पहिल्या झटक्याला म्याच घावलो. माझा टेम्पो पासिंगला जायचा व्हता. आमच्या घरात काय बी अडलं की सोनारीच्या भैरवनाथाला नवस. म्हटलं, सोनारी लांब पडतीय, विहार जवळ हाय. आत नुसता बुद्धांचा फोटो व्हता. त्याच्यापुढं नारळ ठेवला आन् नवस बोललो, तेबी मोठ्यानं. फोटोला कमी ऐकू येत असंल, असा माझा हिशेब.

मागं आत्या उभ्या. "ब्रेक लागत्यात का गाडीचे?"

"कधी कधी."

"मग हितं काय करायलास? गॅरेजला जा!"

नारळ मातुर ठिवून घेतला. दुसऱ्या दिशी बोलावून त्याचीच चटणी भाकरीसंगं वाढली. म्हणल्या, "घे, तुझा नवस तूच खा."

तवापासनं म्या त्यांचा झालो.

पुढं वस्तीनं विहारात मूर्ती बसवायची ठरवलं. सोलापुरातनं आणायची, पौर्णिमेला सकाळी दहाला तिच्यापुढं वंदना. टेम्पो माझा. पोरं म्हणली, "आत्या, बाळ्याला एकट्याला धाडू नका, ह्यो बुद्ध म्हणून म्हसोबा आणील." आत्या म्हणल्या, "त्योच आणील. माझी जबान हाय." तीस वर्सं त्या फोटोपुढं झाडत आल्या व्हत्या त्या. त्यांची जबान म्हंजी लई मोठी गोष्ट.

दुकानात दोन पांढऱ्याशुभ्र मूर्त्या. एक बारीक, डोळं मिटलेली. दुसरी जाडजूड, पोट सुटलेली, खदाखदा हसणारी. दुकानदार म्हणला, "दोन्ही बुद्धाच्याच." म्या इचार केला, त्यो फोटोतला माणूस तीस वर्सांत आत्यांकडं बघून एकदाबी मोठ्यानं हसला न्हाय. आता हसरा दिला तर म्हातारीला बरं वाटंल. शिवाय आपल्याला खाऊनपिऊन सुखी असलेला देव बरा.

पौर्णिमेच्या सकाळी साडेसातला विहारापुढं म्या ऐटीत गोणपाट वढलं. एका पोरानं कपाळाला हात लावला. "बघा आत्या, तुमची जबान! पोट घिऊन आलीय!"

माझं त्वांड पडलं. आत्यांनी मूर्तीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् पायरीवर बसून अशा हसल्या, की दातांची कवळी हातात काढून घ्यावी लागली.

"आरं, ह्यो चीनकडचा भिक्खू. झोळी घिऊन हिंडायचा. तिकडची माणसं म्हणत्यात, पुढं येणारा बुद्ध ह्योच."

"म्हंजी आणिक बुद्ध हायेत?"

"आधीबी झाले, पुढंबी व्हतील."

"मग म्या चुकलो कुठं, आत्या? जरा अगुदर आणला!"

पोरंबी हसली. पण आत्यांनी कवळी बसवली आन् उठल्या. "दहाला वंदना हाय. चल, बदलून आणू." केबिनमधी बसल्या, मूर्ती मांडीवर घेतली. वाटंत एका जीपवाल्यानं आत्या आन् मूर्ती, दोघांस्नी मिळून नमस्कार घातला.

म्या इचारलं, "आत्या, गणपतीला उंदीर, महादेवाला नंदी. बुद्धांचं वाहन कंचं?"

"पाय. पंचेचाळीस वर्सं पायी हिंडले."

ॲक्सिलेटर दाबायची मला लाज वाटली.

"आन् विष्णूचा अवतार म्हणत्यात ते?"

"ते सोता म्हणले व्हते का तसं? माणूस व्हते बाबा. आईच्या पोटी जलमले, म्हातारे झाले, ऐंशीव्या वर्षी जेवण बाधलं आन् गेले."

"जेवण बाधून? देव असून?"

"आरं, तेच सांगायलेय, देव न्हाय! बुद्ध म्हंजी जागा झालेला माणूस. कुणालाबी होता येतं."

"मलाबी?"

आन् ह्या खुशीत म्या तसाच उजवीकडं वळलो. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून माझ्या सात पिढ्या काढल्या. आत्यांनी मूर्ती पोटाशी धरली. म्हणल्या, "तू आधी इंडिकेटर देऊन वळ. मागच्याला कळू दे कुठं चाललायस. तेवढं जागं हो, बाकीचं मग बघू."

दुकानदार पोट धरून हसला. मूर्ती बदलून दिली, आन् बोटाएवढा एक हसरा माझ्या गाडीत ठिवायला फुकट दिला. दहाला पाच मिनिटं असताना आमी विहारात. मूर्ती बसली. आत्यांनी पदरानं तिचं त्वांड पुसलं आन् हात जोडून लई येळ उभ्या राहिल्या.

म्या डाव साधला. "आत्या, काय मागितलं?"

"तुझ्यासाठी अक्कल. न्हाय म्हणले."

गेल्या थंडीत आत्या आजारी पडल्या आन् गेल्या. न्यायला माझाच टेम्पो. निघायच्या आधी विहारात गेलो, हात जोडले, डोळं मिटले. मागितलं न्हाय काय. मागून कुणी इचारलंबी न्हाय.

टेम्पो पायी चालण्याएवढा हळू काढला. बोटाएवढा हसरा फुडं काचंपाशी हसत व्हता. मागं समदी वस्ती चालत व्हती. कुठं वळायचं ते त्यास्नी माझ्यापरीस जास्त ठावं. तरीबी वळणावर म्या इंडिकेटर दिला.