तिसऱ्यांदा दळलेली पूड

तिचं खरं नाव सांगून उपयोग नाही, गल्लीत कुणाला कळायचं नाही. वस्त्रगाळबाई म्हणा, शेंबडं पोरही थेट गिरणीपाशी आणून सोडेल. शेवग्याचा वाळलेला पाला तिने दळावा, पातळ कापडातून गाळावा, तर बोटांना कण म्हणून लागायचा नाही. त्यासाठी ती तोच पाला तीन-तीनदा दळायची. हट्टी किती, सांगायची सोय नाही. गल्लीतल्या घराघरांत तिच्याच पुडीचे डबे असायचे.

त्याच पुडीचे दोन नमुने इस्पितळाने परत पाठवले. आजाऱ्यांच्या सुपात घालायची पूड, आणि तिच्यात जीवनसत्त्वं जेमतेम. तिसरा नमुना नापास झाला की काम मोठ्या कारखान्याकडे जाणार होतं, आणि मुख्यतः याच कामावर चालणारी गिरणी बंद पडणार होती.

"तपासणाऱ्यांचं डोकं फिरलंय," ती भाचीला म्हणाली. भाची एका प्रयोगशाळेत अन्नच तपासायची. "बारीक दळलं की पाल्यातले गुण जास्त उतरतात, हे तूच सांगितलं होतंस ना?"

"उतरतात, मावशी. पण आत्ता निघालेल्या पुडीत जरा हात घाल."

मावशीने हात घातला आणि झटकन काढला. चांगलाच चटका बसला. इतकी वर्षं ही धग तिला दळण जमल्याची खूण वाटत होती.

"दर खेपेला तापते ती. ज्यासाठी दळतेस तेच जळून जातं."

 दोन दिवसांनी मावशीने कंबर कसली. पाला एकदाच दळला, मध्ये मध्ये गिरणी थांबवून निवू दिला, कापड बाजूला ठेवून बारीक चाळणीने चाळला. पूड किंचित खरखरीत लागत होती. तिच्या अगदी जिवावर आलं, पण नमुना धाडला.

तो पास झाला. भाची हसत कागद घेऊन आली, मावशी काही हसली नाही.

"मग आधीच्या पुडीत किती होतं?"

"याच्या निम्मं."

"आणि ती लोकांच्या घरी डबे भरून पडलीय."

"कुणाला कळणारे? गप्प बस की."

मावशी कसली गप्प बसतेय. तिने फोन उचलला, पहिला समोरच्या शिंप्याला. "डबा घेऊन या, पूड बदलून देते. नवी जरा जाडसर लागेल."

"का हो, हात गेला की काय तुमचा?"

"हात शाबूत आहे. माझं चुकलं होतं."

जन्मात हे वाक्य ती पहिल्यांदा म्हणाली. संध्याकाळपर्यंत आणखी एकतीस जणांना म्हणाली.