पाटाच्या उतारावरचा ब्रेक

दुकानदारानं टाकाऊ ठरवलेल्या वस्तूत अजून अर्धं आयुष्य शिल्लक आहे, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस आमच्या केडगावात एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. कुरकुंभच्या कंपनीत त्यानं जन्मभर शिफ्टा केल्या. तिथं काही बिघडलं की नवीन आणून बसवायचे, जुनं भंगारात जायचं. ते बघून त्याचा जीव तुटायचा. रिटायर झाल्यावर सगळा राग त्यानं घरच्या मोटरसायकलवर काढला. कुठल्याही गॅरेजला ती गाडी दाखवायची नाही, असा त्याचा पण होता.

त्यातही ब्रेकवर त्याचा विशेष जीव. पुढच्या चाकाला जी गोल तबकडी असते, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा धरणाऱ्या ठोकळ्याला कॅलिपर म्हणतात, हे मला म्हातारपणी कळलं. कळून काही उपयोग नव्हता, पण त्याच्या घरी चहाला गेलं की ते कळाल्याशिवाय परत येता येत नसे. तो कॅलिपर परातीत उघडून ठेवलेला असायचा. खाचांतला गंज खरवडायला तो लिंबाची काडी तासून घ्यायचा, कारण लोखंडानं ओरखडा पडतो. घासायला घरातल्या सगळ्यांचे जुने टूथब्रश, आणि एकदा एका पाहुण्याचा नवाही. आतला वाटीसारखा पिस्टन निघत नसला की मागच्या भोकाला सायकलचा पंप लावून हवा भरायचा. एकदा तो पिस्टन असा उडाला की माझ्या जावेनं मळून ठेवलेल्या कणकेत जाऊन रुतला. तिनं तेवढा गोळा बाजूला काढून म्हशीला घातला आणि बाकीच्या चपात्या लाटल्या. ब्रेकचं ऑइल सांडून तिच्या माहेरच्या पेटीचा रंग निघाला तेव्हा मात्र ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तरी हे काम तिच्याशिवाय व्हायचं नाही. सगळं जोडून झालं की नळीतली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं हँडलचा लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली बसून बोल्ट सैल करून बुडबुडे सोडायचे. दीर खालून म्हणायचा, दाब, धर, सोड. ती वर उभी राहून शेंगा फोडत एका हातानं दाबायची. "मला तुमच्या कंपनीत लावलंय व्हय?" म्हणायची, पण लिव्हर घट्ट झाला की पहिल्यांदा तिलाच कळायचं.

त्यानंतरची रीत ठरलेली. दुरुस्त केलेली गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या आधी तो स्वतः बसायचा आणि मागं बायकोला बसवायचा. ओझ्याशिवाय ब्रेकची परीक्षा होत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि माझी जाऊ अंगानं भरलेली होती. गाडी हळूहळू पाटाच्या पुलावर न्यायची, उतारावर ब्रेक दाबायचा. गाडी उभी राहिली की ती मागून म्हणायची, "लागला. चला घरी." तेवढं ऐकलं की तो गाडी वळवायचा. ती म्हणेपर्यंत वळवायचा नाही.

मागच्या थंडीत ती दुखण्यानं गेली. त्यानंतर लिव्हर दाबायला आणि मागं बसायला त्यानं मला धरलं. मी काही भरलेली नाही. म्हणून तो माझ्या मांडीवर गव्हाचं गाठोडं द्यायचा. उतारावर गाडी थांबली की तो ती न वळवता उभा राहायचा. तो कशाची वाट बघतो ते मला ठाऊक होतं, पण मेलेल्या माणसाचं बोलणं आपण कशाला बोलायचं? मी म्हणायची, मला काय कळतं त्यातलं. मग तो पुन्हा वर जाऊन पुन्हा ब्रेक मारायचा, आणि कसंबसं समाधान करून घ्यायचा.

ती गाडी आता त्याची पोरगी चालवते. तीही कुरकुंभला कामाला, हायवेनं जाते. पावसाळा संपता संपता ब्रेक गळायला लागला. दौंडच्या दुकानात आतल्या रबरी रिंगा नव्हत्या, पुढच्या आठवड्यात येतील म्हणाले. पोरीला दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट. जुन्या रिंगा कडक झाल्या होत्या. आता आमची जात मेंढरांमागं फिरलेली. वहाण कडक झाली, चाबूक वाळला, पखालीचं कातडं तडकलं, की तेल लावायचं, हे आमच्या रक्तात आहे. दिरानं त्या रिंगा वाटीभर करडईच्या तेलात घालून उन्हात ठेवल्या. संध्याकाळी मला बोट लावून बघायला लावल्या. लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या. बसवताना घट्ट बसल्या, तर म्हणाला, "बरं झालं. आता गळायचा न्हाई."

आम्ही पुलावर गेलो. ब्रेक दाबला, गाडी थांबली. त्यानं लिव्हर सोडला, गाडी हलेना. इंजिन गाडीला ओढत होतं आणि ब्रेकनं पुढचं चाक धरून ठेवलं होतं. जळका वास आला. त्यानं उतरून तबकडीवर बाटलीतलं पाणी टाकलं, तर चर्र आवाज झाला. रिंगा तेलानं फुगल्या होत्या, भिजलेल्या हरभऱ्यासारख्या, आणि पिस्टन आत जाईना.

तो पुलाच्या कठड्यावर बसला. खाली पाटाचं पाणी चाललं होतं. म्हणाला, "वैनी, सकाळी ती हायवेला असती. मागनं टँकर."

मी म्हणाले, "व्हय. पोरीचा जीव तेलाच्या वाटीत ठिवला व्हता तुम्ही, भावजी."

मला खोटं बोलून समजूत काढता येत नाही. त्यानं मान हलवली. मग पान्यानं कॅलिपर सोडवला, माझ्या पिशवीच्या नाडीनं चाकाच्या वरच्या दांडीला बांधला, आणि आम्ही गाडी ढकलत घरी आणली. गव्हाचं गाठोडं सीटवर होतं.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "आप्पा, गॅरेजला देऊ का?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, द्या. तो उठला आणि लिंबाच्या काड्या चुलीत घातल्या. टूथब्रश मात्र धुऊन परत डब्यात ठेवले.

पोरगी काही दिवस कंपनीच्या बसनं गेली. गाडी दौंडच्या गॅरेजात नवीन रिंगा पडून तयार झाली. तिथं हा मिस्त्रीच्या डोक्यावर एवढा उभा राहिला, की त्यानं हात जोडून सांगितलं, आबा, तुम्ही समोर जाऊन चहा घ्या. यानं चहा घेतला, पण पाठ हॉटेलकडं आणि तोंड गॅरेजकडं करून.

गाडी आणल्यावर वाटलं, आता आपली सुटका झाली. तर तो दारात उभा. हातात गाठोडं.

"वैनी, बसा."

गॅरेजवाल्यानं ब्रेक बघून दिलाय की, मी म्हणाले. त्यानं गाठोडं पुढं केलं. मी पदर खोचला आणि बसले.

पुलावरून गाडी उतारावर आली. त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागेवर उभी राहिली. त्यानं लिव्हर सोडला, चाक मोकळं झालं, पण त्यानं गाडी वळवली नाही. समोर बघत बसला. मान पहिल्यापेक्षा बारीक झाली आहे त्याची, मागून दिसते. गहू माझ्या मांडीवर जड लागत होता.

मी म्हणाले, "लागला. चला घरी."

त्यानं गाडी वळवली.