सुतानं मोजलेली सुरमई

प्रा. डॉ. इंदुमती वडगावे यांची आणि माझी पहिली भेट एका सुरमईच्या दोन बाजूंना उभं राहून झाली. मी नुकताच बेळगावच्या महाविद्यालयात इतिहास शिकवायला लागलो होतो. रविवारी कॅम्पातल्या मासळी बाजारात गेलो, फातिमाबींच्या फळीवरची एक सुरमई निवडली आणि कॉलेजात शिकवतो अशी ओळख देत तुकडे करायला सांगितले. फातिमाबींनी सुरी उचललीच नाही.

"थांबा सर. आक्कांचा दोरा झाल्याबिगर मी कापत न्हाय."

"कोण आक्का?"

"तुमच्याच कॉलेजात हाईत की. मास्तर म्हणवता आणि वळखत न्हाय व्हय?"

तोवर फळीच्या पलीकडे पदर खोचून उभ्या असलेल्या बाईंनी माशाच्या तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत एक सूत ताणलं, कापलं, त्याला तारखेची आणि बंदराच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि "घ्या तुमचा मासा" म्हणत त्या पुढच्या फळीकडे गेल्या.

आक्का शहापूरच्या विणकर घरातल्या. प्राणिशास्त्र शिकल्या, शिकवू लागल्या. पण मोजपट्टीसाठी त्यांना दुकानात जावं लागलं नाही. घरच्या मागावर उरलेली सुताची टोकं पिशवीत भरून त्या दर रविवारी बाजारात येत. ओल्या हातांनी वहीत लिहिता येत नसे; सूत मात्र ओलं झालं तरी बिघडत नाही, असा त्यांचा समज होता. गोवा, कारवार, मालवणहून घाट चढून आलेल्या सुरमया त्यांनी अशा वर्षानुवर्षं मोजल्या. "समुद्र सोडून बेळगावात मासे मोजताय?" असं सहकारी चेष्टेनं विचारत. त्या म्हणत, "काठावर फक्त आलेला मासा दिसतो. इथं घाट चढून यायचा थांबलेला मासाही कळतो."

सुरमई, मोरी, तांब असे शिकारी मासे म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. मोठा मासा जाळ्यात आधी जातो. मोठी मादीच भरपूर अंडी घालते. म्हणजे आपण आधी बियाणंच खातो. त्यात पाणी तापलं की तारली-बांगड्यासारखे लहान मासे आपली जागा सोडतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या शिकाऱ्याचं ताट सरकतं. एका बाजूनं जाळं, दुसऱ्या बाजूनं ऊन. समुद्राला तक्रार करता येत नाही म्हणून आपण हा व्यवहार चालू ठेवला आहे, आणि ज्यांच्या धुरानं पाणी तापतं त्यांच्या ताटात मोठी सुरमई शेवटपर्यंत येत राहणार आहे. ही माझी मतं. आक्का एवढ्या चढ्या आवाजात कधी बोलल्या नाहीत.

माझ्या या आवाजामुळेच त्यांची खरी ओळख मला झाली. आक्कांच्या निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळींनी निपाणीत जाहीर सभा ठरवली. लहान सुरमई विकू नये, विकत घेऊ नये, अशी मागणी करायची होती. मंचामागे आक्कांची सगळी सुतं वर्षवार टांगायची, ही कल्पना माझी. डावीकडून उजवीकडे सुतं आखूड होत जात होती. त्यापुढं भाषणाचीही गरज नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी शहापूरच्या घरी आम्ही सुतं जमिनीवर मांडत होतो. आक्कांचे थोरले बंधू, सगळे त्यांना अण्णा म्हणत, चहा घेऊन आले आणि खाली वाकले.

"इंदे, ही वल्ली झाल्ती व्हय गं?"

"माशावर ताणायची म्हणजे ओली होणारच की, अण्णा."

"मग आखडली असणार." त्यांनी दोन सुतं चिमटीत धरली. "ह्ये जुनं, हातमागाचं, खळीचं. खळ लावताना एकदा भिजून वाळलेलं. आता फारसं आखडायचं न्हाय. आणि ह्ये मी तुला मागनं दिलेलं, बिनखळीचं. ह्ये लई आखडतंय."

आक्का खाली बसल्या. नवी सुतं जास्त आखडत असतील, तर मासा लहान झाला की सूत, हे सांगता येत नव्हतं. त्यांचं आयुष्यभराचं काम त्या जमिनीवर पसरलं होतं. सुतं गोळा करत त्या म्हणाल्या, "सभा होऊ दे. सुतं टांगायची नाहीत."

मी चिडलो. "आक्का, लोकांना खळ कळणार नाही. मासा लहान झाला एवढंच कळेल."

"म्हणूनच सांगायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात त्यांनी स्वतः उठून ही चूक सांगितली. मागून एक आवाज आला, "म्हंजे मासा न्हाय, दोराच आखडला म्हणा की." सभागृह हसलं. आक्काही किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "दोरा आखडलाय, हे नक्की. मासा किती आखडलाय ते मला अजून माहीत न्हाय. कळलं की ह्याच जागी येऊन सांगीन." मागणीचा ठराव आम्ही गुंडाळून ठेवला. मी त्यांच्याशी दोन महिने नीट बोललो नाही, हे इथं कबूल करतो.

त्या काळात त्या अण्णांकडून दोन्ही जातींचं सूत आणून मिठाच्या पाण्यात भिजवत, वाळवत, मोजत होत्या. बाजारात आता लाकडी मोजपट्टी आणि सूत, दोन्ही लावत. फातिमाबी कुरकुरत, "आक्का, एका माशाला दोन-दोन हजेऱ्या?" पण सुरी थांबवत.

पुढं त्या खरोखरच निपाणीला त्याच सभागृहात गेल्या. या वेळी माणसं थोडी होती. त्यांनी सांगितलं: घट दिसत होती तेवढी नव्हती, पण सुताची घट वजा केल्यावरही मासा लहान झालेला होताच. यात जाळ्याचा वाटा किती आणि तापलेल्या पाण्याचा किती, हे एका बाजारावरून सांगता येणार नाही, हेही सांगितलं. मागच्या सभेत टोमणा मारणारे गृहस्थ उठले. मला वाटलं, पुन्हा हशा होणार. ते म्हणाले, "आक्का, तुम्ही सोताची चूक सांगितलीसा, म्हणून ह्ये खरं मानतो. आता खायचं काय ते सांगा." ठराव त्या दिवशी झाला. आक्कांनी त्यात स्वतः एक ओळ घातली: लहान सुरमई नाकारणाऱ्या गिऱ्हाइकानं फातिमाबींसारख्यांकडून तारली-बांगडा तरी घ्यावा. बेताचीच मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईवर समुद्राचा सगळा भार टाकणं त्यांना मान्य नव्हतं.

त्यांच्या मायेविषयी एकच सांगतो. माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि महिनाभर बोलायला बंदी आली. आक्का रोज वर्तमानपत्र घेऊन यायच्या, अग्रलेख वाचायच्या आणि म्हणायच्या, "तुम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुमची बाजूही मीच मांडते." ती त्या माझ्याहून चांगली मांडत. मग ती शांतपणे खोडून काढत.

आक्का पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. सुरमई वाढायला वर्षं लागतात, समुद्र निवायला पिढ्या. तोवर आमच्यासारखी घाईची माणसं पुष्कळ ठराव करतील, पुष्कळ टाळ्या मिळवतील. आक्कांना ठणठणीत प्रकृतीचं दीर्घ आयुष्य लाभो, आणि जिथं आम्ही चुकू, तिथं आमच्या पुढच्या सभाही त्यांनी अशाच थांबवाव्यात.