डावा कोपरा आणि माझी पारख

कबड्डी मी आयुष्यात एकदाच खेळलो. आठवीत असताना. पहिल्याच चढाईत माझी चड्डी समोरच्याच्या हातात राहिली आणि मी कसाबसा मधल्या रेषेवर येऊन पडलो. मास्तरांनी गुण मला दिला, पण त्यानंतर मी मैदानात पाऊल टाकलं नाही. तरीही गेली दहा-बारा वर्षं जवळा बाजारच्या कबड्डी संघाच्या बचावावर माझ्याइतकं कुणी बोललं नसेल.

मी इथल्या एका हायस्कुलात लिपिक आहे. रविवारी सकाळी दाढीला म्हणून सलूनात जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचतो. तिथं आम्ही तिघं ठरलेले असतो. सलूनवाला, आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर आणि मी. बाकीची गिऱ्हाइकं येतात, ऐकतात, कंटाळतात आणि जातात.

आमच्या भागातल्या सहा गावांची दरवर्षी दिवाळीनंतर कबड्डीची स्पर्धा असते. खेळाडूंची बोली वगैरे आमच्याकडे नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या शाळेच्या सभागृहात खेळाडू छातीवर नंबर लावून उभे राहतात. चिठ्ठ्या टाकून गावांचा क्रम ठरतो आणि त्या क्रमानं एकेक गाव एकेक खेळाडू उचलतं. उचललेला खेळाडू तीन हंगाम त्या गावाचा. मग तो पुन्हा सगळ्यांना खुला. त्यामुळं एकदा चूक झाली की गावाला ती तीन वर्षं पुरते, आणि सलूनाला तर त्याहून जास्त.

"आपला उजव्या कोपऱ्यावरचा गडी अगोदरच झेप टाकून राहिला," सलूनवाला वस्तरा हवेत धरून म्हणायचा. "चढाईवाला अजून दम घेऊन राहिला, तं हा त्याच्या पायावर."

"कोपऱ्याचा दोष न्हाई," पीटीचे सर म्हणायचे. "त्याच्या बाजूचा गडी झोपलेला असतो. पाय धरल्यावर वरून दाबायला कुणीतरी लागतं का न्हाई?"

मग माझी पाळी. मी आरशातूनच दोघांकडं बघायचो आणि म्हणायचो, "मूळ दुखणं तीन वर्षांमागचं आहे. तेव्हा पहिली पाळी आपली होती. आपण काय घेतलं? परजिल्ह्यातला झुलपंवाला चढाईपटू. दोन सामन्यांत गुडघा धरून बसला. आणि तांड्यावरचा तो डावा कोपरा समोर उभा होता, तो सोडला. सिद्धेश्वरवाल्यांनी उचलला. तीन वर्षं तो आपल्याच पोरांचे घोटे धरून राहिलाय. मी तर तेव्हाच सांगितलं होतं!"

यावर सलूनवाला मान हलवायचा. पीटीचे सर पेपर वाचायचे.

यंदा सरांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. निवडीच्या दोन आठवडे आधी ते म्हणाले, "या बारीला गावाकडून तुमी बसा. इतकं कळतं तुमाला, तं बसाच." मला तो बहुमान वाटला. घरी जाऊन मी नवी वही काढली, तिला कव्हर घातलं आणि पहिल्या पानावर 'बचाव' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. बायकोनं विचारलं, "शाळेचं काम व्हय?" मी म्हटलं, "गावाचं."

निवडीचं कामकाज लिहिणं दरवर्षी माझ्याकडेच असतं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. यंदा कोण कोण खुलं होतंय ते बघायला मी कार्यालयाच्या कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. तीन वर्षांमागचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं.

'पहिल्या पाळीस तांड्यावरील डावा कोपरा घेण्याची सूचना क्रीडाशिक्षकांनी मांडली. तथापि सदर खेळाडूचे पाय बारीक असून तो एक हंगामही टिकणार नाही, ही बाब लिपिकांनी निदर्शनास आणून दिली. सबब सूचना सर्वानुमते मागे घेण्यात आली.'

अक्षर माझंच. 'लिपिकांनी' या शब्दाखाली पट्टी लावून रेघ ओढलेली, तीही माझीच.

इतकी वर्षं मी खोटं बोलत नव्हतो, हे मला शपथेवर सांगता येईल. माझ्या आठवणीत मी खरोखरच उभा राहून "तो डावा कोपरा घ्या" असं म्हणत होतो. बोलणं सरांचं होतं, फक्त तोंड माझं लागलं होतं. आणि ज्यांचं बोलणं मी पळवलं, ते दर रविवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. तीन वर्षं. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मी तांड्यावर गेलो. निदान त्या खेळाडूला आधी भेटून घ्यावं, यंदा आमच्याकडे येतोस का विचारावं, एवढंच मनात होतं. तो आणि त्याची बायको ताडपत्रीवर वाळलेलं सोयाबीन पोत्यात भरत होते. त्यानं बाज टाकली, पाण्याचा तांब्या आणला.

मी घसा साफ केला. "यंदा तुम्ही खुले झालात. आमची पाळी आली तर तुम्हालाच घ्यायचं आहे. याल ना?"

तो पोत्याचं तोंड बांधत म्हणाला, "भाऊसाहेब, पाय अजून बारीकच हायेत माझे."

मी तांब्या खाली ठेवला.

"त्या दिवशी तुमची मसलत चालली तव्हा खिडकीच्या भाईर उभा होतो मी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. माझी नजर नको तिथंच गेली. पाय खरोखर तुरीच्या काड्यांसारखे होते.

"काय म्हणले होते हे?" त्याच्या बायकोनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, माझा चष्मा वर सारणं, मान तिरकी करणं, 'बाब निदर्शनास आणून देतो' म्हणणं, सगळं करून दाखवलं. मी असा दिसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. ती तोंडाला पदर लावून हसली आणि मग म्हणाली, "आन् मंग यांच्याकडं काहून जायाचं?"

"मला काय, खेळाया कोनचंबी गाव चालते," तो म्हणाला. "येईन मी. पण एक हाय भाऊसाहेब. तुमी सलूनात म्हणून राहिले का, मी तव्हाच सांगितलं होतं. ते आमच्या तांड्यापरेंत येते. तेवढं बंद करा."

मी बरं म्हटलं. मग विषय बदलावा म्हणून विचारलं, की एवढ्या बारीक पायांवर तुम्ही ऐंशी किलोचा गडी धरता कसा?

"या, दाखवतो."

नको म्हणायला हवं होतं. पण मी बचावाचा जाणकार. चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि पन्नाशीत, आयुष्यात दुसऱ्यांदा 'कबड्डी कबड्डी' म्हणत त्या ताडपत्रीवर गेलो. त्याचा हात माझ्या घोट्याला कधी लागला ते कळलंच नाही. आभाळ दिसलं आणि मी सोयाबीनच्या ढिगात बसलेला होतो. डोकं आपटू नये म्हणून त्याचा दुसरा हात माझ्या पाठीमागं आलेला होता.

"पायाचं काम न्हाई त्यात," तो मला उठवत म्हणाला. "वाट पाहायचं काम हाय. समोरच्याला वाटलं पायजे का मी गेलो निसटून."

रविवारी मी सलूनात गेलो. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. पण सलूनवाल्यानं आल्या आल्या खुर्चीत बसवून तोंडाला फेस लावला आणि मला तसंच बोलावं लागलं. "एक सांगायचं आहे. तांड्यावरचा डावा कोपरा मी नको म्हटला होता. घ्या म्हणणारे सर होते."

वस्तरा माझ्या गळ्यापाशी होता. तो जरासुद्धा थांबला नाही.

"म्हाईत हाय ना," सलूनवाला म्हणाला. "तो नको म्हणून हात तं मीबी वर केलता."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमी म्हणायचे, मी सांगितलं होतं. दर रविवारी ऐकून ऐकून मलाबी वाटलं, आपुनबी सांगितलं असंल."

मी सरांकडं बघितलं. त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी केली. "मला वाटलं, कधीतरी तुमचं तुमालाच याद येईल," एवढंच म्हणाले आणि उजव्या कोपऱ्याचा विषय काढला. मी बोलणी खायच्या तयारीनं आलो होतो. कुणी साधं रागावलंसुद्धा नाही. माझ्या म्हणण्याला गावात किती वजन आहे, ते तेव्हा बरोबर कळलं.

निवडीच्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. सिद्धेश्वर पहिलं, आम्ही तिसरे. सिद्धेश्वरवाल्यांनी वहीसुद्धा उघडली नाही. उठले आणि तांड्यावरचा डावा कोपरा परत घेऊन बसले. त्यानं लांबून माझ्याकडं बघून हात उडवले, आता काय करता, असे.

माझ्या वहीत दुसरी निवड लिहिलेली होती. सोळा नंबर. उंच, भरल्या दंडाचा, उजव्या बाजूला उभा राहणारा. पण आता सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं, आणि मी उठून मोठ्यानं म्हणालो, "एकोणीस!"

एकोणीस नंबर हा वारंगा फाट्यावरचा एक बुटका, पोट सुटलेला टेम्पो ड्रायव्हर होता. उशीर झाल्यामुळं तो अजून धापा टाकत होता. आपलं नाव पहिल्या फेरीत आलं यावर त्याचाही विश्वास बसेना. सलूनवाला कानाशी येऊन म्हणाला, "कोन हाय हे?"

"बघशील," मी म्हणालो.

आणि तो खरंच कामाचा निघाला की! धान्याचं पोतं टाकावं तसा जागेवर बसून राहायचा. चढाईवाला वळेपर्यंत हलायचा नाही, आणि वळला की वरून पडायचा. चार सामन्यांनंतर लोक रस्त्यात थांबवून म्हणू लागले, "भाऊसाहेब, गडी पारखायला नजर लागते ब्वा!" मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. नम्रता म्हणून ते खपून जायचं.

उपांत्य सामना सिद्धेश्वरशीच पडला, आमच्या शाळेच्या मैदानावर. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं मागं होतो. आमचा चढाईपटू आत गेला, एकाला शिवल्यासारखं करून परत फिरला, आणि त्याला वाटलं आपण निसटलो. तेव्हाच तांड्यावरच्यानं त्याचा घोटा धरला. मी जागेवरून उठून ओरडलो, "धरला! काय धरला!" आमच्या गावच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी खाली बसलो.

सामन्यानंतर तो अंगावरची माती झटकत माझ्याकडं आला. "भाऊसाहेब, एकोणीस नंबर भारी उचलला तुमी. आमचे दोन गडी त्यानंच बसवले. कसा काय दिसला तुमाला?"

मी आजूबाजूला बघितलं. सलूनवाला लांब होता, पंचांशी भांडत होता.

"मला सोळा म्हणायचं होतं," मी म्हणालो. "जीभ घसरली."

तो इतका हसला की गुडघे धरून खालीच बसला. बऱ्याच वेळानं डोळे पुसत त्यानं विचारलं, "हे गावात सांगितलं का कुणाला?"

"अजून नाही."

"नका सांगू मंग," तो म्हणाला. "एखादी गोष्ट तं राहू द्या तुमच्या नावावर."

गाड्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला. तेवढ्यात त्याच्या संघाची जीप आली आणि तो मागं लटकून गेला.